आधी दुसरी चूल

स्वयंपाकघराची जुनी जमीन उखडून नवी फरशी बसवायचे ठरले, म्हणजे गवंड्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी घरातील वडील बायका एक गोष्ट न विसरता करतात. मागच्या पडवीत दुसरी चूल मांडली जाते. पाण्याचे हंडे, पिठाचे डबे आणि दादरे बांधलेल्या लोणच्याच्या बरण्या माजघरात हलतात, देवघराच्या दारावर ओले पातळ टांगले जाते, आणि मग पहिली पहार पडते. वीसपंचवीस पानांचे घर असले तरी त्या आठदहा दिवसांत एकही पंगत चुकत नाही. या व्यवस्थेला कोणी शास्त्र म्हणत नाही. तथापि दुरुस्ती ज्या माणसांसाठी काढली त्यांनाच दुरुस्तीच्या काळात उपाशी ठेवू नये, ही साधी समज तिच्या मुळाशी असते.

रस्त्याच्या, पुलाच्या किंवा मोठ्या इमारतीच्या कामी मात्र हीच समज क्वचित दृष्टीस पडते. तेथे चूल आधी फुटते आणि जेवणाचे काय, हा प्रश्न नंतर निघतो. रस्ता खणून मोकळे झाल्यावर मालमोटारी, बैलगाड्या, शाळेची मुले आणि दवाखान्याकडे निघालेली माणसे कोठून जाणार याचा विचार होतो. आणि झाला तरी एवढाच होतो की, शेजारच्या पडीक जमिनीतून चार खेपा मुरूम टाकून एक वाट काढून द्यावी. तिला सरकारी कागदांत वळणरस्ता म्हणतात. लोकांच्या तोंडी ती 'डायव्हर्शन' झाली आहे. ही वाट सहा महिन्यांसाठी असते असे सांगतात. तिच्यावरून दोन पावसाळे गेलेले आम्ही पाहिले आहेत.

हा विषय स्थापत्यशास्त्राच्या नियतकालिकाला शोभणारा. तो कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात कशाला, असे कित्येकांस वाटेल. त्यांस आमचे उत्तर तिखटाच्या डब्यात आहे. ज्या घरी वर्षाचे तिखट उन्हाळ्यात एकदम करून ठेवण्याची चाल अद्याप टिकून आहे, त्यांना नंदुरबारच्या मिरचीचे नाव नवीन नाही. ही लाल ओली मिरची थंडीच्या दिवसांत व्यापारी विकत घेतात आणि मोकळ्या माळावर पसरून उन्हात वाळवितात. या जागांना तिकडे पथारी म्हणतात. एकराएकरांवर पसरलेला तो लाल गालिचा लांबून फार शोभिवंत दिसतो. परंतु मिरचीवर झाकण नसते. शेजारून कच्च्या वाटेने मालमोटार गेली की मागे उठलेला पिवळट लोट जेथे खाली बसतो, तेथे ती मिरची असते. आणि आपल्या घरातील सून ते तिखट आमटीत घालते तेव्हा त्या वाटेचा काही अंश पानात आलेला असतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून निराळा झाला. जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र तो अजून पश्चिम खानदेशच आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी यांच्यामधील काळ्याभोर सपाटीवर शहादे तालुका पसरला आहे. प्रकाशे येथे गोमाई तापीस मिळते, म्हणून त्या क्षेत्राला दक्षिणकाशी म्हणतात. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. याच तालुक्यात कळसाडी हे गाव आहे. ऊस, कापूस, केळी आणि अलीकडे पपई, ही या मुलखाची पिके. यांतील प्रत्येक पीक शेतातून बाहेर पडते ते चाकांवरून. ऊस गळितास वेळेवर गेला नाही तर वजनात घटतो, आणि पपई तर तोडल्यापासून दिवस मोजू लागते. रस्ता चांगला असण्याची निकड येथे शहरापेक्षा कमी नाही, उलट अधिकच आहे; आणि म्हणून रस्त्याचे काम निघाले याचा आनंदही येथील शेतकऱ्यास खराखुरा होतो. आम्ही पुढे जे लिहिणार आहो ते रस्ता होऊ नये म्हणून नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण वळणरस्त्याविषयी तक्रार केली की 'तुम्हांला विकास नको' असे म्हणणारे लोक तयारच असतात.

गेल्या वैशाखात कळसाडीच्या बाजूस एका स्नेह्यांच्या मळ्यात चार दिवस राहण्याचा योग आला. मळ्याला लागून रस्त्याचे काम चालू होते. ते कोणाचे, कोणत्या खात्याचे, हे येथे सांगण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात अशी कामे गावोगाव सापडतील. जुना डांबरी थर खरवडून एका बाजूस ढीग घातला होता, आणि वाहतूक मळ्याच्या बांधालगतच्या कच्च्या वाटेवर वळविली होती. पहिल्या दिवशी आम्ही ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो, आणि अर्ध्या तासाने पान उलटताना बोटांचे ठसे त्यावर उमटले. मळ्याच्या मालकांच्या मातोश्री सत्तरीच्या पलीकडच्या आहेत. पाण्याच्या माठावर त्यांनी दुहेरी फडके बांधले होते. आम्ही विचारले, 'आजी, या वाटेवर पाणी मारीत नाहीत का?' त्या म्हणाल्या, 'मारतात की भाऊ. साहेबांची गाडी यायची असली म्हणजे सकाळीच मारतात.'

बांधाकडच्या पपईच्या चार ओळी पाहिल्या. पानांचा हिरवा रंग दिसत नव्हता. झाड श्वास घेते ते पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून. त्यांवर धुळीचा लेप बसला की सूर्यप्रकाशही कमी पोचतो आणि हवेचा व्यवहारही मंदावतो. त्याहून वाईट असे की, धुळीने माखलेल्या कोरड्या पानांवर लाल कोळी या किडीची वाढ झपाट्याने होते. तिला खाणारे उपकारक कीटक धुळीत टिकत नाहीत. मग शेतकरी औषध फवारतो. म्हणजे रस्त्याच्या कामाने एक विष वाढविले, ते शेतकऱ्याच्या खर्चाने, आणि ते पुन्हा आपल्याच पोटात. कापसाचेही तसेच, बोंड फुटल्यावर धूळ बसली की रुई मळते आणि भाव उतरतो. या नुकसानीचा पंचनामा कोणी करीत नाही. पूर आला असता, गारा पडल्या असत्या, तर निदान तलाठी तरी येऊन गेला असता.

माणसांच्या छातीविषयी लिहायचे तर तेथे प्रश्न अधिक गंभीर होतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्यासहाव्या हिश्श्याएवढे, नाकातील केसांत न अडकता आत उतरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. २००९ साली ठरलेल्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत पहिल्या प्रकारची धूळ चोवीस तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमच्या वर आणि दुसऱ्या प्रकारची ६० च्या वर असता कामा नये. कच्च्या वाटेच्या काठावरील घरात हे माप कितीवर जाते ते पाहण्याचे यंत्र खेड्यात नसते. मोजलेच जात नाही, म्हणून मर्यादा ओलांडल्याची नोंदही होत नाही.

आता उपाय. पहिला उपाय इतका स्वस्त आहे की तो कोणाच्या ध्यानात येत नाही. कच्च्या वाटेवरून उठणारी धूळ साधारणपणे गाडीच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. ताशी चाळीस मैलांनी... चुकलो असे वाचक म्हणतील, म्हणून आजच्या मापात सांगतो, साठ किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी तीसने गेली तर लोट जवळजवळ निम्मा होतो. वळणरस्त्याच्या दोन्ही तोंडांना वेगाचा फलक, मध्ये दोन ठिकाणी आडवे उंचवटे आणि त्यांच्यावर रात्री दिसेल असा पांढरा पट्टा, एवढ्याने अर्धे काम होते.

दुसरा उपाय म्हणजे सडा. अंगण झाडण्यापूर्वी सडा का घालावा हे आपल्या घरातील आठ वर्षांच्या मुलीसही कळते. परंतु सड्याचे शास्त्र असे आहे की तो हलका आणि वारंवार हवा. टँकर एकदाच धोधो सोडला तर काळ्या जमिनीचा चिखल होतो. दुपारच्या उन्हात तो घटकाभरात वाळतो, चाकांखाली भरडला जातो आणि पूर्वीपेक्षा बारीक धूळ तयार होते. शिवाय पाणी कोणाचे? वैशाखात जवळच्या विहिरीतून टँकर भरणे म्हणजे एकाच्या छातीसाठी दुसऱ्याच्या पिकाचे पाणी काढणे होय. जेथे शहर जवळ असेल तेथे प्रक्रिया केलेले सांडपाणी या कामी वापरावे, हे उघड आहे. साखर कारखान्याच्या मुलखात कोणी तरी हटकून सुचवितो की, मळी पाण्यात कालवून शिंपडली तर धूळ चिकटून बसते. ते खरे आहे, आणि कित्येक देशांत तसे केलेही गेले आहे. परंतु पहिल्या पावसात ती धुपून ओढ्यात उतरते आणि पाण्यातील प्राणवायू खाऊन मासे मारते, म्हणून नदीनाल्याच्या काठी हा उपाय आम्ही सुचविणार नाही. मुंग्यांची गोष्ट निराळीच.

खरा उपाय तिसरा, आणि तो मळ्याच्या बांधावर ढीग होऊन पडला होता. जुन्या रस्त्याचा खरवडलेला डांबरी थर हा टाकाऊ माल नव्हे. त्यातील खडी शाबूत असते आणि डांबराचा अंशही शिल्लक असतो. तो वळणरस्त्यावर पसरून रोलरने दाबला तर उन्हाने थोडा मऊ होऊन एकजीव होतो. धूळ उठत नाही, पाणी मारावे लागत नाही, पावसाळ्यात बैलगाडी रुतत नाही. काम संपल्यावर हाच माल उचलून नव्या रस्त्याच्या बाजूपट्टीत घालता येतो. नवी खडी आणावी लागत नाही आणि जुनी कोठे तरी ओढ्यात ओतावी लागत नाही. अट एकच: जुना रस्ता खरवडण्याचे काम टप्प्याटप्प्याने काढावे, पहिल्या तुकड्याचा माल दुसऱ्या तुकड्याच्या वळणरस्त्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. सगळा रस्ता एका दमात उखडून टाकण्याची जी हौस आहे ती मात्र सोडावी लागेल.

या हौसेमागचे कारण आम्ही समजून घेण्याचा प्रयत्न केला. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडी, डांबर, माती यांचे घनमीटर मोजले जातात आणि त्यांचे दर ठरलेले असतात. फलक, दिवे, झेंडेवाला, पाणी शिंपडणे, वाहतूक चालू ठेवण्याची एकंदर तजवीज, ही बहुधा कामाच्या अंगचीच समजली जाते आणि तिचे पैसे निराळे मोजून मिळत नाहीत. मग ती कमीत कमी करणे हाच कंत्राटदाराचा फायदा ठरतो. त्यास दोष देऊन उपयोग नाही. लग्नाच्या ठेक्यात आचाऱ्याला जिलबीचे पैसे किलोवर आणि ताटे धुण्याचे पैसे 'त्यातच धरून' दिले, तर ताटे कशी धुतली जातील हे आपणांस ठाऊक आहे. नियमांची उणीव म्हणाल तर ती नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने कामाच्या जागेवरील वाहतुकीच्या व्यवस्थेसाठी निराळी मार्गदर्शिका काढली आहे, आणि २०१४ साली तिची सुधारलेली आवृत्तीही निघाली. वाहनचालकाला आधी सूचना कोठे मिळावी, वाट कशी हळूहळू अरुंद करावी, कामगार कोठे उभा असावा, हे सर्व तीत आले आहे. २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण नियमांत भर घालून बांधकामाच्या धुळीविषयी अटी घातल्या: कामाकडे नेणारे रस्ते पक्के असावेत, माल नेणाऱ्या गाड्या झाकलेल्या असाव्यात, मोकळी माती उघडी राहू नये, आणि धूळ रोखण्यासाठी काय केले आहे ते लोकांना दिसेल असे कामावर लिहून लावावे. शेवटची अट आम्हांस सर्वांत आवडली. कारण एकदा फलक लागला की शाळेचे मास्तर तो मुलांकडून वाचून घेऊ शकतात. मात्र हे नियम लिहिताना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहरे होती, असे ते वाचताना वाटत राहते.

तेव्हा शहरात तरी काय घडले, तेही पाहू. मुंबईच्या हवेने २०२३ च्या शरद ऋतूत इतके वाईट रूप घेतले की उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, आणि महानगरपालिकेने त्या ऑक्टोबरात बांधकामांसाठी विस्तृत नियम काढले. कामाभोवती किमान २५ फूट, आणि मोठ्या कामांभोवती ३५ फूट उंच पत्रे. इमारतीवर हिरवे कापड किंवा तागाचे आच्छादन. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मालमोटारीची चाके धुणे. चाके धुण्याचा नियम वाचताना आम्हांस हसू आले नाही. बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुतल्याशिवाय घरात येऊ नये, हा नियम ज्यांनी पाळला त्यांना रस्ता म्हणजेही कोणाच्या तरी घराचे अंगण आहे, हे पटावयास जड जाऊ नये.

पुलांच्या बाबतीत मुंबईने फार महाग धडा घेतला. अंधेरीचा गोखले पूल धोकादायक ठरून ७ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला, आणि नव्या पुलाची एक बाजू खुली होण्यास २६ फेब्रुवारी २०२४ उजाडली. पूल बंद करणे भागच होते. याविषयी वाद नाही. परंतु त्या सुमारे सोळा महिन्यांत पूर्वपश्चिम जाणारी वाहने वळसे घेत, थांबत, कुंथत गेली, त्यांनी जाळलेल्या इंधनाची रक्कम पुलाच्या खर्चात कोठेच आली नाही. ती प्रत्येकाच्या खिशातून थोडीथोडी गेली, म्हणून कोणाला दिसली नाही.

ती रक्कम किती असते याचा एक हिशेब आम्ही मांडून पाहिला. वाहनांची संख्या आमच्या कल्पनेची, पद्धत मात्र कोणालाही तपासता येईल. एकेरी केलेल्या वळणरस्त्यावर दिवसाला ३०० मालमोटारी प्रत्येकी १० मिनिटे खोळंबल्या असे धरू. ते ५० तास झाले. मोठी मालमोटार नुसती उभी राहून इंजिन चालू ठेवते तेव्हा तासाला दोन ते तीन लिटर डिझेल खाते. कमीत कमी दोन धरले तरी दिवसाचे १०० लिटर, आणि वर्षातील २५० कामाच्या दिवसांचे २५,००० लिटर. एक लिटर डिझेल जळले की अदमासे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; म्हणजे एका लहानशा वळणरस्त्यापायी वर्षाला ६७ टनांहून अधिक. यावर तोड म्हणून झेंडेवाल्याजवळ 'गाडी थांबली, इंजिन बंद' असा फलक आणि थांबण्याची वेळ किती हे सांगणारा आकडा पुरतो. दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरात लाल दिव्यापाशी गाडी बंद ठेवण्याची मोहीम निघाली ती याच तत्त्वावर. किती वेळ थांबायचे हे कळले की माणूस इंजिन बंद करतो; न कळले की 'आता सुटेल, मग सुटेल' म्हणून चालू ठेवतो. आगगाडीच्या फाटकापाशी आपण हे नित्य पाहतो.

खोळंबा टाळावयाचा तर रात्री काम करावे, असे सहज सुचते. पुण्यात चांदणी चौकातील जुना पूल पाडला तो १ आणि २ ऑक्टोबर २०२२ यांच्या मधल्या रात्री, स्फोटके लावून. त्यामुळे महामार्ग दिवसा बंद ठेवण्याचे पुष्कळ टळले. एका रात्रीचा प्रश्न होता, लोकांनी सोसला. पण काम वर्षानुवर्षे चालणारे असेल तर? मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या कामात कफ परेड भागातील रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०१७ साली उच्च न्यायालयाने तेथे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत काम थांबविण्यास सांगितले. पुढे २०१८ साली अटी घालून ते बंधन सैल केले. ही सबंध मार्गिका २०२५ च्या ऑक्टोबरात खुली झाली आणि तीतून प्रवास करणाऱ्यांस तिचे महत्त्व सांगावयास नको. तथापि रस्त्यावरील धुराची बचत एखाद्या म्हाताऱ्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या झोपेतून वसूल करावी काय, हा प्रश्न त्या निवाड्यांनी सुटला असे आम्हांस वाटत नाही. आमचे मत असे की, गोंगाटाचे काम दिवसा, मालाची नेआण रात्रीच्या पहिल्या प्रहरात, आणि गाडी मागे घेताना वाजणारा तो कर्कश भोंगा वस्तीत बदलून मंद आवाजाचा लावावा. तसे भोंगे मिळतात.

मालाच्या नेआणीचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो: कामामुळे अडलेल्या वाहतुकीइतकीच कामाने स्वतः निर्माण केलेली वाहतूक विचारात घेण्यासारखी आहे. मुरमाची खाण दहा किलोमीटर लांबली की जाऊन येऊन वीस किलोमीटर वाढतात. दिवसाला ५० खेपा धरल्या तर ते १००० किलोमीटर झाले, आणि लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर चालणाऱ्या मालमोटारींचे ३०० लिटर डिझेल. ती गावागावांतून जाताना गावचे लहान रस्ते मोडते ते निराळेच. या बाबतीत आपल्याच बुलढाणा जिल्ह्याने एक नामी युक्ती करून दाखविली. २०१७ नंतरच्या काही वर्षांत तेथील राष्ट्रीय महामार्गांना लागणारी माती आणि मुरूम डोंगर न फोडता जवळच्या तलावांतून, नाल्यांतून आणि शेततळ्यांतून काढण्यात आला. खोदाई रस्त्याच्या खर्चात झाली, माती रस्त्याला गेली, आणि खड्डा गावाला पाणी साठविण्यास राहिला. 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने ही पद्धत पुढे देशभर नावाजली गेली. तापीकाठी काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी काय, गाळाने भरलेले नाले आणि पाझर तलाव थोडे नाहीत. कामाच्या पाचसात किलोमीटरांच्या आत असा एखादा तलाव सापडला, तर वाहतूक घटते, डिझेल वाचते, आणि वळणरस्त्यावर शिंपडण्याचे पाणी पुढील वर्षी कोणाच्या विहिरीतून काढावे लागत नाही.

परदेशांत हा विचार बराच पुढे गेला आहे. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी जी क्रीडानगरी उभारली, तिच्या मालापैकी निम्म्याहून अधिक वजन रेल्वेने आणि पाण्यातून आणले गेले. नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोत, २०१९ साली भर वस्तीतील एका रस्त्याचे काम विजेवर चालणाऱ्या खोदयंत्रांनी करून पाहिले. शेजारच्या दुकानदारांना दारे उघडी ठेवता आली, आणि मजूर एकमेकांशी न ओरडता बोलू लागले. पुढे २०२५ पासून त्या नगरपालिकेने आपल्या स्वतःच्या सर्व बांधकामांस धूर न सोडण्याची अट घातली. कळसाडीस विजेची खोदयंत्रे उद्या येतील असे आम्ही म्हणत नाही. तेथे शेतीपंपाला लागणारी वीज मिळण्याची मारामार, यंत्राची कोठून आणणार? परंतु नंदुरबारवरून सुरत–भुसावळ लोहमार्ग जातो. सिमेंट आणि लोखंड तेथपर्यंत रेल्वेने आणून मग शेवटचा टप्पाच मालमोटारींनी करावा, यास ऑस्लोचे वैभव लागत नाही.

रात्रीच्या दिव्यांविषयी एक शब्द. पूर्वी खणलेल्या रस्त्यावर संध्याकाळी लाल कंदील ठेवीत, आणि तेल घालणारा माणूस रात्रभर शेजारी झोपे. आता सूर्यप्रकाशावर भारणारे लुकलुकते दिवे मिळतात आणि त्यांना ना तेल लागते ना जनित्र. तरीही बऱ्याच ठिकाणी दगडांची रांग आणि झाडाची एक फांदी, एवढ्यावरच काम भागविलेले दिसते. आमच्या मुक्कामात एका रात्री मोटारसायकलवरचा एक तरुण या दगडांवर आदळून पडला. हाड मोडले नाही, हे त्याचे दैव. त्या जागी प्लॅस्टिकची लालपांढरी फीत बांधलेली होती. ती वाऱ्याने तुटून बोरीच्या झुडपात अडकली होती, आणि सकाळी एक गाय ती चघळीत उभी असलेली आम्ही पाहिली.

छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, खानदेशात सरकारी कामांवर खडी फोडून कित्येक कुटुंबे तगली. रस्ता तेव्हा माणसांना जगविण्यासाठी काढला जाई, आणि माणसांच्या डोक्यावरील पाट्यांनीच तो होई. त्या हालांचे गुणगान करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. खडी फोडणाऱ्या बायकांच्या छातीतही धूळ जातच होती. आजही वळणरस्त्याची सर्वांत अधिक धूळ ज्याच्या नाकात जाते तो प्रवासी नव्हे, शेतकरीही नव्हे. दिवसभर तोंडाला पंचा गुंडाळून हातात लाल आणि हिरवे फडके घेऊन उभा असलेला तो मजूर होय. सातपुड्यातील पाड्यांवरून तो कामासाठी उतरलेला असतो. त्याच्या जागेवर चार बांबू आणि तट्ट्याची सावली, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि तोंडाला बांधावयाचा चांगला मुखपट्टा देण्यास किती खर्च येईल? अंदाजपत्रकात या तीन वस्तूंची निराळी ओळ असावी, आणि कामाचे बिल देताना अभियंत्याने त्या समक्ष पाहिल्याची सही असावी, असे आमचे मागणे आहे. ओळ असली म्हणजे तपासणी होते.

या मजुराजवळ आम्ही दुपारी थोडा वेळ बसलो होतो. बोलणे फार झाले नाही, कारण दर दोन मिनिटांनी तो उठे. तो म्हणाला, 'दादा, मी हिरवे फडके दाखवले की लोक वेगात सुटतात. खोळंबलेले असतात ना.' धूळ वेगाने वाढते हे आम्ही पुस्तकात वाचले होते; खोळंब्याने वेग वाढतो आणि वेगाने धूळ, ही साखळी त्याने समजाविली. थांबा थोडाथोडा आणि वारंवार ठेवला, तर सुटणाऱ्यांची घाई कमी होते, असेही त्याने अनुभवाने ठरविले होते आणि मुकादमाला सांगितलेही होते. मुकादमाने ते ऐकले की नाही हे विचारण्याआधी तो उठून गेला.

मळ्याच्या मालकांनी आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ग्रामपंचायतीत आणि संबंधित कार्यालयात द्यावयाचा अर्ज लिहून घेतला. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाचे काम पुढल्या हंगामात निघावयाचे आहे, त्यासाठी. मागण्या पाच होत्या: खणण्यापूर्वी वळणरस्ता जुन्या डांबरी मालाने दाबून घ्यावा, वेगाचे फलक आणि उंचवटे पहिल्याच दिवशी लागावेत, ओढ्यावर नळाची तात्पुरती मोरी मृगापूर्वी व्हावी, बांधावरील दोन चिंचा आणि एक कडुनिंब यांच्या बुंध्यापासून यंत्रे दूर राहावीत, म्हणजे मुळ्या तुटणार नाहीत, आणि पपईची तोड आटोपल्यावर काम सुरू करावे. आजींनी सहावी घालावयास सांगितली, पाणी रोज मारावे, साहेब येवोत वा न येवोत. मालकांनी ती जरा सौम्य शब्दांत लिहिली. अर्जाची पोच हाती आली आहे.